उघड्यावर पडून राहिलेला ट्रॅक्टर : आधी हाताने फिरवा, बॅटरी नंतर

प्रश्न : वडिलांचा 35 एचपीचा, तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर सात वर्षांपासून संत्र्याच्या बागेजवळ बाभळीखाली उघड्यावर उभा आहे. इंजिन जाम आहे. पार्टचा दुकानदार म्हणतो, बोअर-पिस्टन, नोझल, डिझेल पंप सगळे एकदम बदला. शेजारी म्हणतात, दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळीने बांधून ओढा, सुटेल. काय करावे? (एक शेतकरी, ता. काटोल, जि. नागपूर)

उत्तर : दोन्ही करू नका, आणि ओढणे तर अजिबातच नको. काटोल, सावनेर, उमरेड भागात असे ट्रॅक्टर मी बरेच पाहिले. त्यातले खरोखर भंगारात गेले ते गंजामुळे कमी आणि ओढाओढीमुळे जास्त. सायलेन्सरवर टोपी नसली की पावसाचे पाणी उघड्या व्हॉल्व्हमधून थेट सिलिंडरमध्ये उतरते. पिस्टनच्या रिंगा गंजून बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, धरतात. अशा इंजिनाला गिअरमध्ये टाकून ओढले की रिंगा तुटतात. आत पाणी असेल तर पिस्टनचा रॉड वाकतो आणि दोन-चार हजारांचे काम पूर्ण इंजिनावर जाते.

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मे-निम्मे मिसळून 50 मिली सोडा, म्हणजे चहाचा छोटा अर्धा कप. दुकानदार लिटरभर गंज काढायचे औषध गळ्यात मारतो, ‘भरपूर ओता’ म्हणतो. ओतू नका. या आकाराच्या इंजिनात पिस्टन वर आला की हेडखाली जागा उरते जेमतेम या 50 मिलीएवढीच. तेल दाबले जात नाही, रॉड दाबला जातो. तीन-चार दिवस थांबा. रोज सकाळ-संध्याकाळ गिअर न्यूट्रल करून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावा आणि थोडे पुढे, थोडे मागे हलवा. पान्याला पाइप लावून लटकू नका. पहिल्या दिवशी काहीच हलत नाही, तिसऱ्या दिवशी बोटभर हलते, मग पाव फेरी. बोटभर हलले की काम निम्मे झाले समजा. आठवड्याने तसूभरही हलले नाही तरच हेड उघडा, आणि बोअर डोळ्याने पाहिल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

इंजिन पूर्ण फेरी घेईपर्यंत बॅटरी जोडायची नाही. पुन्हा सांगतो, जोडायची नाही. फिरायला लागले की नोझल बाहेरच ठेवून स्टार्टर मारा, उरलेले तेल बाहेर उडू द्या. तोंड त्या बाजूला नेऊ नका.

जुने डिझेल सगळे काढा. टाकीच्या तळाशी पाणी आणि काळा गाळ असतो, त्यात नवे डिझेल टाकून उपयोग नाही. टाकी धुवा, डिझेलचे दोन्ही फिल्टर नवे घाला, लाइनमधली हवा काढा. पट्टीवरचे इंजिन ऑइल दुधी दिसले तर पाणी आहे, काढून नवे भरा. एअर क्लीनर उघडा, उंदराचे घरटे सापडेलच. क्लीनरच्या वाटीत ऑइल खुणेपर्यंतच भरा. वर भरले तर इंजिन तेच ऑइल ओढून सुसाट पळते आणि डिझेल बंद केले तरी थांबत नाही.

डिझेल पंपाची, डिझेल कमी-जास्त करणारी दांडी अडकली असली तरी इंजिन असेच पळते. म्हणून आधी स्टॉप केबल आणि अॅक्सिलेटर सुरळीत हलतात का पाहा. सुरू करताना एक माणूस हवेच्या पाइपाच्या तोंडाशी सपाट फळी घेऊन उभा हवा. हात लावायचा नाही, फळीच. हवेच्या पाइपात पेट्रोल किंवा स्प्रे मारायचा सल्ला कोणी दिला तर त्याला घरी पाठवा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंद, मग मिनिटभर थांबा. सुरू झाल्यावर काही सेकंदांत ऑइल प्रेशरचा काटा वर आला नाही तर लगेच बंद करा. हे पहिले ऑइल पाच-दहा तासांनी फिल्टरसकट बदला.

क्लच प्लेट चिकटलेली असणारच. पेडल दाबून लाकडी ठोकळा लावून ठेवा. ब्रेक आणि उन्हाने तडकलेले टायर तपासल्याशिवाय रस्त्यावर आणू नका.

वेळ सांभाळा. तूर निघाली की हे काम घ्या. मे अखेरीस मिस्त्री मिळत नाही, मिळाला तर घाई करतो, आणि पेरणीच्या आठवड्यात ट्रॅक्टर बांधावर बंद पडतो.

अनुदान दुरुस्तीला मिळत नाही. नव्या यंत्रासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा, पूर्वसंमतीआधी खरेदी करू नका. आरसीची 15 वर्षांची मुदत संपली असेल तर आरटीओत नूतनीकरण करून घ्या.