पी१६ ‘पॉझिटिव्ह’, पी५३ ‘नॉर्मल’, मग कर्करोग झाला कसा?

तुमच्या आईच्या बायॉप्सीत पी१६ पॉझिटिव्ह आलंय आणि पी५३ ‘वाइल्ड टाइप’, म्हणजे बिघाड नसलेलं. पेशींना आवर घालणारं जनुक धडधाकट असताना गर्भाशयमुखाचा कर्करोग कसा झाला, आणि तुम्हा बहिणींना धोका आहे का, असं तुम्ही विचारलंय.

कित्येक कर्करोगांत पी५३चं जनुकच बिघडलेलं असतं. इथे जनुक शाबूत असतं, पण त्यापासून बनणारं प्रथिन टिकू दिलं जात नाही. या कर्करोगामागच्या एचपीव्ही या विषाणूचं ई६ हे प्रथिन पेशीतल्याच एका एन्झाइमला हाताशी धरून पी५३वर ‘मोडीत काढा’ अशी खूण लावतं, आणि पेशीची स्वतःची यंत्रणा त्याचा फडशा पाडते. मग डीएनए तुटला तरी पेशी थांबत नाही, मरतही नाही.

दुसरं प्रथिन ई७. ते पेशीचं विभाजन रोखून धरणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करतं आणि पेशीचं विभाजन सुरूच राहतं. पी१६ खरं तर ब्रेक, पण तो लागतो आरबीमार्फत. ब्रेक करकचून दाबलाय आणि वायरच तुटलीय, अशी ही गत. म्हणून रिपोर्टमध्ये पी१६ भरभरून दिसतं.

बहुतेकींच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत जातो. काहींत तो मुक्काम ठोकतो आणि पुढे बऱ्याचदा त्याचा डीएनए तुटून आपल्या गुणसूत्रात घुसतो. त्या मोडतोडीत ई६-ई७वर लगाम ठेवणारं ई२ जनुक अनेकदा जातं. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या हेला पेशींत एचपीव्ही १८ असाच आठव्या गुणसूत्रात बसलाय. या पेशींत प्रयोगशाळेत ई२ परत घातलं की ई६-ई७ बंद होतात, पी५३ साठू लागतं आणि दशकानुदशकं वाढणाऱ्या पेशींचं विभाजन थांबतं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. इतक्या वर्षांनंतरही पेशीचा मूळ बंदोबस्त जिवंत असतो!

पसरणं ही वेगळी पायरी. पेशींना एकमेकींशी बांधणारं ई-कॅडहेरिन कमी होतं, थराखालचा पातळ पडदा विरघळवणारी एन्झाइम्स वाढतात आणि पेशी लसीकावाहिन्यांतून ओटीपोटातल्या लसीकाग्रंथींत (लिम्फ नोड्स) पोचतात. पी१६वरून यातलं काहीच कळत नाही. एमआरआय किंवा पेट स्कॅनमध्ये लिम्फ नोड्स कसे आहेत, ते डॉक्टरांना नक्की विचारा. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१८च्या वर्गीकरणात नोड्समध्ये रोग असेल तर स्टेज थेट ३सी धरतात आणि उपचार त्यावर ठरतात.

तुमच्याबद्दल सांगायचं तर, या आजाराचं मुख्य कारण विषाणू आहे, आईकडून आलेलं जनुक नव्हे. तिशी उलटली असेल तर दोघींनीही एचपीव्ही तपासणी करून घ्या. आपल्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात एक लाखाहून अधिक बायकांवर झालेल्या अभ्यासात, जो २००९मध्ये प्रसिद्ध झाला, एकदाच केलेल्या या तपासणीने त्या गटातले या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते.