ठिबकणारं डिझेल आणि सोयाबीनचे पैसे

औसा तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न: 2012 ची कॉमन रेल (एका सामाईक नळीतून सगळ्या सिलिंडरना जास्त दाबाने डिझेल देणारी) डिझेल गाडी, 1 लाख 38 हजार किलोमीटर झालेली. इंजिनवरून डिझेल ठिबकतंय. गॅरेजवाला म्हणतो, सगळ्या लाइनी बदला, 18,000 होतील. मुलगा म्हणतो, नळ्या घरीच बदलू. भाऊ म्हणतो, 1 लाख 10 हजाराचं गिऱ्हाईक आहे तोवर विका आणि कर्ज काढून नवीन घ्या. हातात सोयाबीनचे 80,000 आहेत, त्यातले 55,000 खरिपाला लागणार.

नमस्कार. गळती नेमकी कुठून होतेय हे तुमच्या पत्रात नाही, आणि सगळा हिशेब त्यावरच अडलाय.

आधी वाया जाणारं डिझेल मोजू. दर दोन सेकंदांना एक थेंब धरा. साधारण 20 थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे तासाला 90 मिली. गाडी रोज दीड तास चालली तर महिन्याला चार लिटर, 90 च्या भावाने 360 रुपये. एवढ्यासाठी कुणी 18,000 घालणार नाही. पण थेंब पडतो कुठे ते महत्त्वाचं. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर पडला तर पेट घेऊ शकतो, आणि विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर जळालेल्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही. रेडिएटरच्या नळ्या आणि इंजिन माउंटचं रबर डिझेलने फुगतं, मऊ पडतं. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात बेल्टवर डिझेल गेलं आणि तो तुटला, तर खर्च गाडीच्या किमतीला भिडतो. म्हणून थांबू नका. गळती बंद होईपर्यंत लातूरच्या मोंढ्याला जायला दुसरं वाहन बघा.

शोध असा घ्या. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, कपड्याने सगळे जोड कोरडे करा, खडूची पूड भुरभुरवा. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा, मग टॉर्च लावून पाहा. पूड पहिल्यांदा जिथे ओली झाली तिथे गळती. खालचे डाग ओघळाचे असतात. चालू इंजिनच्या जोडांवरून बोट फिरवून गळती शोधू नका. कॉमन रेलमध्ये दाब 1,000 बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण हजारपटीच्या वर जाऊ शकतो. सुईएवढ्या भोकातली चिळकांडी कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

इंजेक्टरच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) डोक्यावरून जाणाऱ्या, उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या बारीक रिटर्न नळ्या ओल्या असतील तर मुलाचं म्हणणं बरोबर. जुन्या गाडीत अनेकदा गळती तिथेच निघते. जुन्या नळीचा तुकडा आणि क्लिप दुकानात घेऊन जा आणि त्याच आतल्या मापाची, डिझेलसाठीचीच नळी मागा. पाण्याची पारदर्शक नळी काही महिन्यांत कडक होऊन तडकते. एक मीटर नळी, नव्या क्लिपा, जोडांतल्या ओ-रिंगा असा सगळा माल हजार-दीड हजारात बसावा. काम सावलीत, मोकळ्या हवेत करा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, डोळ्यांवर चष्मा, शेजारी वाळूची बादली. आधी मोबाइलवर फोटो काढा आणि एका वेळी एकच नळी बदला, म्हणजे अदलाबदल होत नाही. नळी ब्लेडने सरळ काटा; कात्रीने टोक चेपतं. निपलच्या, म्हणजे नळी जिच्यावर चढते त्या तोटीच्या, फुगवट्यापलीकडे ती पूर्ण सरकली पाहिजे आणि क्लिप त्या फुगवट्याच्या मागे बसली पाहिजे. जास्त आवळली तर क्लिपच नळी कापते. प्लास्टिकचे टी-जोड वयाने ठिसूळ झालेले असतात, ओढलं की मोडतात. म्हणून नळी ओढून काढू नका, उभी चिरून सोडवा.

फिल्टरकडची नळी काढली असेल तर हवा शिरते. हातपंप कडक लागेपर्यंत दाबा, मगच स्टार्टर मारा. पन्नास किलोमीटरनंतर जोड पुन्हा पाहा. सकाळी गाडी उशिरा सुरू होते आणि खाली थेंब मात्र नाही, असं असेल तर टाकीकडून येणारी नळी हवा ओढत असू शकते. हे न तपासता थेट पंपाचं काम काढणाऱ्याला नाही म्हणा.

इंजेक्टरला जाणाऱ्या स्टीलच्या पाइपला, रेलला आणि पंपाला घरी पाना लावायचा नाही. ते काम डिझेल लॅबचं, म्हणजे पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्या खास वर्कशॉपचं, आणि तिथे पैसे वाचवायचे नाहीत.

आता विकण्याचं. सहा लाख कर्ज, साडेनऊ टक्के, पाच वर्षं: हप्ता सुमारे 12,600. वर्षाचे 1 लाख 51 हजार, म्हणजे आजची गाडी विकून येतील त्याहून जास्त. शेतीचं उत्पन्न वर्षातून दोनदा आणि हप्ता बारा वेळा, हा मेळ मला धोक्याचा वाटतो. दिल्लीसारखी दहा वर्षांची डिझेलबंदी आपल्याकडे लागू नाही, त्यामुळे त्या भीतीने विकू नका. तुमच्या नोंदणीची पंधरा वर्षं 2027 मध्ये भरतील. नूतनीकरणाचे 5,000, वर पर्यावरण कर आणि तपासणीआधीची डागडुजी, एवढं मात्र आतापासून धरा.

खरिपाचे 55,000 काढले की 25,000 उरतात. त्यातले 18,000 आज गॅरेजला दिले आणि मृगानंतर पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीला 7,000 पुरणार नाहीत. मग महिना शेकडा तीनने पैसे उचलावे लागतील, म्हणजे वर्षाला 36 टक्के. म्हणून रिटर्न नळ्यांवर फार तर दोन हजार आत्ता खर्च करा आणि उरलेले 23,000 जुलैअखेरपर्यंत बचत खात्यातच राहू द्या. गळती पंपाची निघाली तर लॅबकडून सुट्या भागांसह लेखी अंदाज घ्या. आकडा 25,000 च्या आत असेल तर पेरणी साधल्यावर काम करा, तोवर गाडी उभीच ठेवा. त्यावर गेला तर आहे त्या गिऱ्हाइकाला गळती स्पष्ट सांगून गाडी विका. भाव दहा-वीस हजारांनी उतरेल, उतरू द्या.