पडद्यावरचा रंग कागदावर का उतरत नाही?

प्रश्न: डीटीपीमध्ये ए३ पत्रके करतो. इंकजेटवर रंग तांबूस येतात, ईपीएस (छपाईसाठीच्या चित्रफाइलचा एक प्रकार) चित्रे फुटतात. दुसरा प्रिंटर घ्यावा का?

उत्तर: आधी सेटिंग तपासा. तांबूस झाक येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे रंगांची दुरुस्ती दोनदा होणे, एकदा सॉफ्टवेअरमध्ये आणि पुन्हा ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये. सॉफ्टवेअरमध्ये त्या कागदाचे आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल) निवडा आणि ड्रायव्हरमधले रंगनियंत्रण पूर्ण बंद करा. कागदाचा प्रकारही अचूक निवडा, कारण किती शाई सोडायची हे त्यावर ठरते. साध्या कागदावर ग्लॉसीचे सेटिंग राहिले की शाई पसरते, अक्षरांच्या कडा फुगतात. मराठीत रफार, अनुस्वार आधी बुजतात, म्हणून हे हयगय न करता पाहाच.

ईपीएसचा दोष यंत्राचा नाही. बहुतेक इंकजेटना पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे ईपीएस ज्यात लिहिलेले असते ती छपाईची संगणकीय भाषा, कळत नाही, म्हणून जुन्या सॉफ्टवेअरमधून चित्राऐवजी त्याचे कमी रेझोल्यूशनचे प्रीव्ह्यू छापले जाते. पोस्टस्क्रिप्टमार्गे पीडीएफ करा आणि ती १०० टक्के आकारात छापा. ‘फिट टू पेज’ नको.

तरीही नवा घ्यायचाच असेल तर ए३ प्लस घ्या. ३२९ × ४८३ मिमी कागदावर ए३ पान, ३ मिमी ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेली छपाई) आणि क्रॉप मार्क (कापण्याच्या खुणा) मावतात. बॉर्डरलेसवर, म्हणजे कडेला जागा न सोडता होणाऱ्या छपाईवर, विसंबू नका, त्यात पान किंचित मोठे होऊन मापे चुकतात. मजकूर जास्त असेल तर काळी शाई पिगमेंटचीच (न विरघळणाऱ्या रंगकणांची) हवी.