काळ्या लेसच्या मागे : गॉथ पेहरावाबद्दल वाचकांचे प्रश्न

गॉथ म्हणजे ब्रिटनमध्ये गाण्याभोवती जमलेल्या, काळ्या पेहरावाने ओळखल्या जाणाऱ्या मंडळींचा पंथ. त्यांची काळी लेस, जाळीच्या बाह्या, कॉर्सेटसारखी (कॉर्सेट म्हणजे कंबर आवळून दोरीने बांधायची चोळी) पोलकी आता मॉलमध्ये सर्रास दिसतात. त्यावरून आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत. उत्तरं कापड आणि शिवणकामात मुरलेल्या आमच्या सल्लागारांची आहेत.

फॅशन डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. 'मुख्य प्रवाहातल्या फॅशनने गॉथकडून काय घेतलं' हा प्रकल्पाचा विषय आहे. जिथे बघावं तिथे 'काळा रंग' एवढंच लिहिलेलं सापडतं. नेमकं काय शोधू? — एक विद्यार्थिनी, पुणे

काळा रंग आधी बाजूला ठेवा. योजी यामामोटो आणि रेई कावाकुबो हे जपानी डिझायनर १९८१ साली पॅरिसला काळे कपडे घेऊन गेले, पण ती वाट वेगळी होती. रंगाच्या मागे लागलात तर सगळंच गॉथ वाटायला लागेल.

गॉथ हे गाण्याभोवती जमलेलं टोळकं. १९७९ साली नॉर्थॅम्प्टनच्या बाउहाउस या बँडचं नऊ मिनिटांहून लांब असं पहिलं गाणं आलं, १९८० साली लीड्समध्ये सिस्टर्स ऑफ मर्सी हा बँड उभा राहिला आणि १९८२ च्या जुलैत लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह हा क्लब सुरू झाला. या मंडळींनी पंककडून, म्हणजे आधीच्या बंडखोर संगीताच्या पंथाकडून, फाटके मोजे आणि सेफ्टी पिना घेतल्या, जुन्या बाजारातून आजी-पणजीच्या काळातली लेस उचलली, मूकपटांतला पांढरा चेहरा आणि काळवंडलेले डोळे घेतले. म्हणजे गॉथ हीसुद्धा उसनवारीच. पण ती घरी, कात्री आणि सुई घेऊन केलेली होती. तुमच्या प्रकल्पात हा धागा सोडू नका.

आता एकच कपडा जवळून बघा. अलेक्झांडर मॅक्वीन या ब्रिटिश डिझायनरचा १९९६ चा 'दान्ते' हा संग्रह लंडनमध्ये स्पिटलफील्ड्सच्या क्राइस्ट चर्चमध्ये दाखवला गेला. त्यात एक कॉर्सेट आहे. फिकट जांभळं रेशीम, त्यावर बसवलेली काळी लेस, जेटच्या (गाडलेल्या लाकडापासून झालेल्या काळ्या खड्याच्या) मण्यांचं भरतकाम, उंच चढलेला गळा. जांभळाच रंग का? व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमध्ये नवरा गेला की बाईने आधी बिनचमकीचं काळं क्रेप घालायचं. ते भिजलं की रंग सुटून अंगाला लागायचा. दोनेक वर्षांनी 'अर्धं सुतक' लागलं की मग राखाडी आणि जांभळट रंग चालायचे. (राणी स्वतः मात्र १८६१ साली अल्बर्ट गेल्यापासून १९०१ साली डोळे मिटेपर्यंत काळ्यातच राहिली.) त्या फिकट जांभळ्यात दुखवट्याचे सरलेले महिने आहेत. मॅक्वीन लंडनमधल्या सॅव्हिल रो या नामांकित शिंप्यांच्या गल्लीतल्या शिंप्यांकडे उमेदवारी करून आलेला होता, त्यामुळे हा अर्थ त्याने शिवणीत उतरवला. मॉलमधल्या ड्रेसवर हाच काळा-जांभळा मेळ असतो, पण लेस पुष्कळदा कापडावर नुसती छापलेली असते.

असे पाच-सहा तपशील निवडा. प्रत्येकाबद्दल तो कुठून आला, गॉथ लोकांनी त्याचं काय केलं, दुकानाने त्यातलं काय ठेवलं आणि काय गाळलं, ते लिहा. न्यूयॉर्कच्या एफआयटी (फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) संग्रहालयात २००८-०९ मध्ये व्हॅलरी स्टील यांनी 'गॉथिक : डार्क ग्लॅमर' हे प्रदर्शन मांडलं होतं, तिथून सुरुवात करता येईल.

कुणी काहीही घालावं. मग गॉथ लोक दुकानी गॉथवर एवढे चिडतात का? — ठाणे

काळी लेस घालायला कुणाची परवानगी लागत नाही, हे खरंच आहे. तयार मालही नवा नाही, अमेरिकेत हॉट टॉपिक हे दुकान १९८९ पासून आहे. चिडण्याचं मूळ दुसरीकडे आहे. ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडमध्ये लँकेशरमधल्या बेकप गावच्या बागेत सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची मुलगी आणि तिचा मित्र यांच्यावर पोरांच्या टोळक्याने हल्ला केला. गॉथ पेहरावामुळे ते दोघं वेगळे दिसत होते, एवढंच कारण. मित्र वाचला, सोफी गेली. न्यायाधीशांनी तो द्वेषातून झालेला गुन्हा मानला. २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टरचे पोलीस अशा गटांवरचे हल्ले द्वेषगुन्हा म्हणून वेगळे नोंदवू लागले.

जे दिसणं अंगावर वागवलं म्हणून जीव जातो, तेच दिसणं एका हंगामापुरतं दुकानात टांगायचं आणि पुढच्या हंगामात उतरवायचं, हे त्यांना बोचतं. बोचायलाच हवं. घालायचं तर जरूर घाला. ते कुणाचं आहे हे माहीत असू द्या, आणि जमेल तेव्हा या वर्तुळातल्या लहान कारागिरांकडून घ्या. जर्मनीतल्या लाइपझिगला १९९२ पासून आणि इंग्लंडमधल्या व्हिट्बीला १९९४ पासून भरत आलेल्या गॉथ मेळ्यांमध्ये त्यांचे ठेले असतात.

काळा सुती कुर्ता चार-पाच धुण्यांत राखाडी होतो. घरी गडद काळा रंगवता येईल का? — कोल्हापूर

येईल, पण रंग खरंच गेलाय का ते आधी बघा. बऱ्याचदा कापडावर जड पाण्यातले क्षार आणि साबणातल्या पांढरेपणा आणणाऱ्या रसायनांचा थर बसलेला असतो. पाच लिटर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून कुर्ता वीस मिनिटं बुडवा, खळबळून सावलीत वाळवा. काळेपणा परत आला तर रंगवायची गरजच नाही.

नसेल आला तर शिवणीच्या आतून एक धागा काढून जाळून बघा. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, आणि त्याच्यावर हा रंग चढणार नाही.

बाटिकसाठी थंड पाण्यात बसणारा रिअॅक्टिव्ह रंग मिळतो, तो घ्या. कोरड्या ५०० ग्रॅम कापडाला ४० ग्रॅम रंग, ७५० ग्रॅम साधं मीठ, ८० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि हाताला कोमट लागेल असं १२ लिटर पाणी. खायचा सोडा चालत नाही, तो पुरेसा तीव्र नसतो. इतर रंग कापडाच्या वजनाच्या दोन ते चार टक्क्यांत भागतात, काळ्याला आठ टक्के लागतो. पुष्कळांचा काळा रंग 'कोळशासारखा' निघतो तो इथे हात आखडल्यामुळे. भांडं स्टीलचं किंवा प्लॅस्टिकचं घ्या, अॅल्युमिनियम सोड्याने खराब होतं. ते भांडं पुन्हा स्वयंपाकात वापरू नका. रंगाची पूड छातीत गेली तर दम्यासारखा त्रास होऊ शकतो, म्हणून नाकावर मास्क आणि हातांत मोजे हवेतच.

रंग थोड्या पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, बादलीत मिठासकट विरघळवा, ओला कुर्ता त्यात बुडवा आणि वीस मिनिटं हलवत राहा. मीठ रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलतं. मग सोडा वेगळ्या गरम पाण्यात विरघळवून, कुर्ता बाजूला सारून, पंधरा मिनिटांत तीन हप्त्यांनी ओता. थेट कापडावर ओतलात तर डाग पडतात. पुढे तासभर दर पाच मिनिटांनी हलवा. सोड्यामुळेच रंग धाग्याला पक्का बांधला जातो. तोच सोडा रंगाची पाण्याशीही गाठ घालतो, म्हणून उरलेलं पाणी उद्यासाठी ठेवण्यात अर्थ नाही.

शेवटचं धुणं महत्त्वाचं. मीठ निघेपर्यंत गार पाण्यात, मग कढत पाण्यात साबण घालून दोन-तीनदा, पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत. न बांधलेला रंग आत राहिला तर तोच पुढे अंगाला आणि बाकीच्या कपड्यांना लागतो. पांढरा जुना कपडा रंगवत असाल तर एक लक्षात ठेवा, पॉलिएस्टरच्या दोऱ्याची टीप पांढरीच राहील.

जाळीचा टॉप विकत न घेता करता येतो म्हणे? — डोंबिवली

हो, आणि जुनी पद्धत हीच. जाळीचे कंबरेपर्यंतचे स्टॉकिंग्ज उलटे धरा. दोन पायांच्या मधल्या पट्टीला जाळी दुमडून चार-पाच सेंटिमीटरचा काप घ्या, तिथून डोकं जाईल. पायाची बोटं कापा, तिथून हात बाहेर येतील. पाय झाल्या बाह्या, कंबरेचं इलॅस्टिक झालं खालचं टोक. चूक होते ती गळ्याला, कारण घालताना काप ताणून दुप्पट होतो. म्हणून लहान कापा, घालून बघा, मग वाढवा. कापलेल्या गाठींवर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब लावून वाळवा म्हणजे जाळी पुढे उसवत नाही. बारीक नायलॉनचे साधे स्टॉकिंग्ज यासाठी घेऊ नका, कापताच त्यांच्या शिड्या पडतात.

ऑनलाइन घेतलेला कॉर्सेट दोनदा घातला. पट्ट्या कंबरेत मुडपून बरगडीला टोचतात आणि मागच्या रिंगा निघाल्या. दुरुस्त होईल? — नागपूर

आतल्या पट्टीला लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर बहुतेक प्लॅस्टिक आहे. अंगाच्या उबेने प्लॅस्टिक नरम पडतं, कंबरेच्या वळणाला दुमडतं आणि ती घडी कायमची राहते. खालची शिवण उसवून पट्टी ओढून काढा, कप्प्याची लांबी मोजा आणि तिच्यापेक्षा सव्वा सेंटिमीटर आखूड अशी सहा-सात मिलिमीटर रुंदीची स्टीलची पट्टी घाला. तेवढी जागा सोडली नाही तर टोक कापड फाडून बाहेर येतं. बाजूंना स्पायरल (वेटोळ्या तारेची) पट्टी घ्या, ती दोन्ही दिशांना वाकते. पाठीमागे रिंगांच्या दोन्ही अंगांना सपाट पट्टी घाला, नाहीतर दोरी ओढली की कडा गोळा होते.

रिंगा निघतात त्या बहुधा मागे वॉशर नसल्यामुळे. दोन भागांच्या रिंगा घ्या. भोक पंचने पाडू नका, आरीने धागे बाजूला सारून करा. धागे तुटले नाहीत तर रिंग पक्की बसते. आतून कंबरेवर दोन सेंटिमीटर रुंद सुती निवार शिवा म्हणजे ताण शिवणींवर येणार नाही.

माप तुमच्या कंबरेहून आठ ते दहा सेंटिमीटर कमी असावं आणि बांधल्यावर पाठीमागची फट वरपासून खालपर्यंत सारखी, पाचेक सेंटिमीटरची राहावी. फट इंग्रजी व्हीसारखी दिसली तर कापच तुमच्या अंगाचा नाही, ओढून बांधून तो बसणार नाही. सुरुवातीला सैल बांधून तास-दोन तासच घाला. मुंग्या आल्या किंवा श्वास अडला तर लगेच सोडा.

व्हिट्बीच्या जुन्या बाजारातून काळा ब्रोच घेतला. तो खरा जेट आहे का हे कसं ओळखायचं? — लीड्सहून एक मराठी वाचक

जेट म्हणजे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचं लाकूड, मंकी पझल जातीच्या झाडांचं, गाडलं जाऊन झालेलं. म्हणून ते हलकं असतं आणि हाताला गार लागत नाही. ब्रोच जड, गार आणि दातावर टिचकी मारल्यासारखा वाजणारा असेल तर ती काळी काच, जिला तिकडे 'फ्रेंच जेट' म्हणतात. मागच्या न दिसणाऱ्या कडेने बिनग्लेझच्या फरशीवर हलकी रेघ ओढा. जेटची रेघ तपकिरी येते. पण व्हल्कनाइटचीही, म्हणजे कडक केलेल्या रबराचीही तशीच येते, म्हणून एवढ्यावर थांबू नका. व्हल्कनाइट चोळलं की गंधकाचा वास येतो, ते उजेडात मळकट तपकिरी पडतं आणि साच्याची बारीक शिवण दिसते. जेट कोरलेलं असतं, नक्षीच्या खाचा धारदार असतात. तापवलेली सुई टोचून बघण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ब्रोचला कायमचा डाग पडतो.

संक्रांतीला चंद्रकळा नेसणार आहे. तिच्यावर उंच गळ्याचं, लेसच्या बाह्यांचं मखमली पोलकं हवंय. आमचे शिंपी म्हणतात, काळी मखमल दोन रंगांची दिसते. — नाशिक

मेळ सुंदर आहे. एरवी सणाला काळं नको म्हणणाऱ्या घरातही त्या दिवशी कुणी अडवणार नाही.

दोन रंग दिसतात ते कापडामुळे नाही, कापण्यामुळे. मखमलीवर हात फिरवा, एका दिशेला लव गुळगुळीत लागते, उलट दिशेला खरबरीत. लव वरच्या बाजूला जाईल असं कापलं तर काळा सगळ्यात खोल दिसतो. पुढचा, मागचा, गळ्याचा, प्रत्येक तुकडा त्याच दिशेने लावायला सांगा. तुकडे उलटसुलट बसवता येत नसल्याने कापड पाव पट जास्त लागेल. शिंपी कापड वाचवायला जातात आणि तिथेच बिघडतं.

मशीनखाली मखमलीचे दोन थर एकमेकांवरून सरकतात. आधी हाताने दोन ओळी कच्चा टाका घाला, मग तीन मिलिमीटरची टीप लवेच्या दिशेने मारा. टाचण्या फक्त शिवणीच्या मार्जिनमध्ये, बाहेर लावल्या तर खूण राहते. कडा भुसभुशीत असतात, कापल्याबरोबर इंटरलॉक करून घ्या. इस्त्री थेट ठेवायची नाही. मखमल पालथी, त्याच मखमलीच्या तुकड्यावर लव लवेला लागेल अशी ठेवा आणि मागून नुसती वाफ द्या. गळ्याचा कॅनव्हास मखमलीला न चिकटवता अस्तराला चिकटवा.

लेसची बाही काखेत पहिली फाटते. मुंढ्याला आतून ऑर्गन्झाची पट्टी लावा आणि काखेत आठ सेंटिमीटरचा मखमलीचाच चौकोन तिरका बसवा. तिळगूळ वाटायला हात वर केला तरी शिवण ताणणार नाही.