दिवसभर लॅपटॉप, आखडलेली मान आणि रात्री झोप नाही: घरच्या घरी कोणती आसनं करावीत?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दिवसभर लॅपटॉपवर काम, त्यामुळे मान-खांदे आखडलेले, आणि अंथरुणाला पाठ टेकली तरी डोकं चालूच. उपाय म्हणून रात्री नऊला सूर्यनमस्कार सुरू केलेत, तर झोप आणखीच उडाली. ती उडणारच होती. भराभर घातलेल्या नमस्कारांनी नाडी वाढते, अंग तापतं. सकाळी हे हवंच असतं, झोपायच्या आधी नको. नमस्कार सकाळी घाला. रात्रीसाठी आधार घेऊन बराच वेळ स्थिर राहायची आसनं वेगळी आहेत.

ही पद्धत पुण्यातच घडली. योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि पुढे आयुष्यभर तिथेच शिकवत राहिले. लोड, पट्टा, लाकडी विटा, खुर्ची, दोर ही साधनं वापरून आजारी आणि वयस्कर माणसालाही आसनात टिकता येईल, अशी रीत त्यांनी बसवली. या प्रकारात ताण किती देता याला फारसं महत्त्व नाही. आधार किती उंचीचा आहे, यावर जवळजवळ सगळं ठरतं.

हे लगेच तपासून बघा. जमिनीवर सतरंजी घालून, डोक्याखाली काहीही न घेता उताणे पडा. खांदे पुढे आलेल्या माणसाचं डोकं अशा वेळी मागे कलतं आणि हनुवटी कपाळापेक्षा वर जाते. डोळे मिटले तरी बुबुळं वरच्या बाजूला ओढली जातात, श्वास घशाशी अडकल्यासारखा होतो. आता चादरीची ३ सेंमी जाडीची घडी डोक्याखाली आणि मानेखाली घ्या, खांदे मात्र जमिनीवरच राहू द्या. कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर आलं की घसा सैल पडतो, नजर आपोआप छातीकडे उतरते. फरक अर्ध्या मिनिटात कळतो. खालच्या प्रत्येक आसनात ही एक खूण सांभाळायचीच.

लोड विकत आणायची गरज नाही. सोलापुरी चादर लांबीत तीन पदरी आणि रुंदीत सहा पदरी दुमडली की साधारण ७५ सेंमी लांब आणि २५ सेंमी रुंद घडी होते. अशा तीन-चार घड्या एकावर एक रचून १० ते १२ सेंमी उंची मोजून घ्या. उशा वापरू नका. मऊ उशी वजनाने खचते, छाती बुडते आणि खांदे पुन्हा पुढे येतात. पट्ट्याऐवजी जुनी सुती ओढणी चालते. गादीवर यातलं काहीच करू नका, जमीनच हवी.

सुरुवात स्वयंपाकघराच्या ओट्यापासून करा. ओट्याच्या कडेवर तळहात ठेवून मागे चालत जा, कंबरेतून वाका, पाठ आणि हात एका रेषेत आणा. पावलं कंबरेच्या बरोबर खाली, कान दंडांच्या मध्ये. एक मिनिट, दोनदा. कंबर गोल होत असेल तर मांडीच्या मागचे स्नायू आखडले आहेत असं समजा आणि गुडघे थोडे वाकवा. डोकं खाली लोंबू देऊ नका, नाहीतर सगळा भार खांद्याच्या सांध्यावर येतो.

मग सुप्त बद्धकोणासन. घड्यांच्या टोकाला कंबर टेकवून जमिनीवर बसा. घड्यांवर बसायचं नाही, त्या माकडहाडाच्या मागून सुरू व्हायला हव्यात. तळपाय एकमेकांना जोडा, टाचा शरीराकडे घ्या आणि कोपरांच्या आधाराने मागे टेका. डोक्याखाली आणखी एक घडी. ओढणी कंबरेमागून घेऊन मांड्यांच्या आतून पावलांखाली आणून बांधा, म्हणजे पाय सरकत नाहीत. गुडघे अधांतरी राहिले तर जांघेचे स्नायू घट्ट धरून ठेवतात आणि विश्रांती मिळतच नाही, म्हणून दोन्ही मांड्यांखाली उशा द्या (इथे उशी चालेल). हात बाजूला, तळवे वर. पाच ते आठ मिनिटं. कंबर दुखायला लागली तर बहुधा आधार जास्त उंच आहे, एक घडी काढा. तरीही दुखलं तर पाय सरळ सोडा.

त्यानंतर विपरीत करणी. घड्या भिंतीला समांतर, भिंतीपासून १० ते १५ सेंमी अंतरावर ठेवा. त्यांच्यावर एका कुशीने, नितंब भिंतीला लावून बसा, आणि वळता वळता पाय भिंतीवर चढवत पाठ खाली न्या. समोरासमोर बसून पाय चढवायला गेलं की शरीर भिंतीपासून लांब राहतं, बहुतेकांचं इथेच बिघडतं. बैठकीची हाडं घडी आणि भिंत यांच्यामधल्या फटीकडे थोडी उतरली पाहिजेत. पाय सरळ होत नसतील तर घड्या २० ते २५ सेंमी दूर सरकवा, जबरदस्तीने भिंतीला चिकटू नका. पाच ते दहा मिनिटं. पायांना मुंग्या आल्या तर गुडघे वाकवून मांडी घाला. उतरताना एकदम उठू नका: गुडघे दुमडा, घड्यांवरून मागे सरका, उजव्या कुशीवर अर्धा मिनिट थांबा, मग हाताने जमीन ढकलून उठा, डोकं सगळ्यात शेवटी.

काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर विपरीत करणी वगळा. मासिक पाळीतही अय्यंगार परंपरेत ती करत नाहीत. त्या दिवसांत सुप्त बद्धकोणासनाला वेळ वाढवा.

शेवटी शवासन, आणि घाईत हेच कापलं जातं. तसं करू नका. बाकीचं करायला वेळ नसेल त्या दिवशी फक्त शवासन करा. डोक्याखाली सुरुवातीला ठरवलेली घडी, गुडघ्यांखाली गुंडाळी, डोळ्यांवर चौपदरी सुती कापड. दोन-तीन किलो तांदळाची पिशवी मांड्यांवर आडवी ठेवली तर पायांची चुळबुळ थांबते. अंगावर चादर घ्याच, कारण स्थिर पडल्यावर अंग गार पडत जातं आणि थंडी वाजली की स्नायू पुन्हा आवळतात.

श्वास चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर, नाकानेच, न रोखता. उच्छ्वासात हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून तो लांब ठेवायचा. असे दहा-बारा श्वास झाले की मोजणं सोडून द्या, नाहीतर मोजणं हेच डोक्याला नवं काम होतं. मुद्दाम खोल, मोठे श्वास घेऊ नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, ओठ-बोटं झिणझिणतात आणि घाबरल्यासारखं होतं. विचार येतील, ते थोपवायच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक उच्छ्वासाला जबडा, जिभेचं मूळ आणि भुवयांमधली जागा सैल आहे का, एवढंच बघा. दहा मिनिटं.

सगळं मिळून अर्ध्या-पाऊण तासाचं काम. जेवणानंतर किमान तीन तास जाऊ द्या. तुमचं जेवण उशिरा होत असेल तर संध्याकाळी जेवणाआधी आसनं करा आणि झोपताना फक्त शवासन.

दोन आठवडे करून मग ठरवा. शिक्षकाकडून एकदा आधारांची उंची बसवून घेता आली तर फार उत्तम. पुण्यात अय्यंगारांची संस्था १९७५ पासून आहे, लोणावळ्याला १९२४ साली स्थापन झालेलं कैवल्यधाम आहे, आणि परदेशातही अय्यंगार पद्धतीचे प्रमाणित शिक्षक बऱ्याच शहरांत सापडतात.

आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री झोप नाही आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय, असं असेल तर आसनांबरोबर डॉक्टरांनाही भेटा. निद्रानाशासाठी सीबीटी-आय नावाची, औषधाविना चालणारी उपचारपद्धती आहे, तिची चौकशी करा. घोरताना श्वास अडकतो असं घरातलं कुणी सांगत असेल, किंवा मानेची कळ दंडातून बोटांपर्यंत उतरून हाताची पकड ढिली पडत असेल, तर आधी तपासणी आणि मग आसनं.