ऑरा असलेला आणि नसलेला मायग्रेन: मेंदूत खरंच वेगळं काही घडतं का?

तुम्ही लिहिलंय की कधी डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा नाचतात (यालाच ऑरा म्हणतात), कधी काहीच न दिसता थेट ठणका सुरू होतो, आणि एमआरआय मात्र नॉर्मल आलाय. मग या दोन दुखण्यांत मेंदूच्या पातळीवर काही फरक असतो का?

असतो. रिपोर्टमध्ये तो आला नाही, कारण नेहमीचा एमआरआय मेंदूची ठेवण दाखवतो, त्या घडीला आत काय चाललंय ते नाही. त्यामुळे ‘रिपोर्ट चांगला आहे, म्हणजे मनाचे खेळ’ असं कुणी म्हटलं तर अजिबात मनावर घेऊ नका.

मलाही ऑरा येतो. वाचता वाचता शब्दातलं एखादं अक्षर नाहीसं होतं, त्या जागी लुकलुकणारा ठिपका येतो, त्याला दातेरी कड फुटते आणि ती कमान मोठी होत होत एका बाजूने नजरेबाहेर निघून जाते. पुढच्या वेळी आधी एक डोळा झाकून बघा, मग दुसरा. बहुधा दोन्ही डोळ्यांना ती त्याच बाजूला दिसेल. कारण ती डोळ्यात नसतेच. ती डोक्याच्या मागच्या भागात, जिथे मेंदू दृश्य उलगडतो तिथे घडत असते.

कार्ल लॅशली या शास्त्रज्ञाने स्वतःच्याच ऑराची रेखाटनं केली आणि 1941 मध्ये हिशोब मांडला की मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला साधारण 3 मिलिमीटर वेगाने सरकत असावं. ब्राझीलचे शास्त्रज्ञ लेआओ यांना 1944 मध्ये सशांच्या मेंदूत तशीच संथ लाट सापडली: पेशी आधी एकदम उत्तेजित होतात आणि मग काही मिनिटं गप्प पडतात. 2001 मध्ये ऑरा चालू असतानाच फंक्शनल एमआरआय, म्हणजे मेंदूचं चालू काम टिपणारा एमआरआय, घेतला गेला, त्यात वेग आला मिनिटाला 3.5 मिलिमीटर. या जुळणीचं मला अजूनही नवल वाटतं. ती कमान सुरुवातीला रेंगाळते आणि कडेला जाताना वेग घेते, त्याचाही उलगडा यातच आहे. नजरेच्या मध्यबिंदूला मेंदूत भरपूर जागा दिलेली असते, कडांना थोडी. लाट एकाच चालीने जाते, आपल्याला मात्र ती पळाल्यासारखी वाटते.

आता ऑरा नसलेला मायग्रेन. 1980 च्या सुमारास डेन्मार्कमध्ये झटका चालू असताना मेंदूतला रक्तप्रवाह मोजला गेला. ऑरा असलेल्यांत रक्तप्रवाहात मागून पुढे पसरत जाणारी घट दिसली, म्हणजे त्या लाटेचीच खूण, ऑरा नसलेल्यांत ती दिसली नाही. 1995 मध्ये जर्मनीत ऑरा नसलेल्या रुग्णांचं पेट स्कॅन (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारी तपासणी) झालं, तेव्हा मेंदूच्या देठाचा (ब्रेनस्टेमचा) एक भाग सक्रिय असलेला आढळला. सुमाट्रिप्टान या मायग्रेनच्या औषधाने दुखणं थांबल्यावरही तो सक्रियच होता. लाट सगळ्यांतच येते, काहींना ती जाणवत नाही एवढंच, असंही काही संशोधक मानतात. 1994 मध्ये ऑरा नसलेल्या एका रुग्णात पसरणारी घट टिपलीही गेली होती. तरी लाट सगळ्यांतच येते हे मला स्वतःला तितकंसं पटत नाही. लाट अडवण्यासाठी टोनाबरसॅट नावाचं औषध तपासलं गेलं, त्याने ऑराचे झटके कमी झाले, पण ऑरा नसलेल्या डोकेदुखीत फरक पडला नाही. सुरुवात दोन्हीकडे एकच असती तर असं व्हायला नको होतं.

पुढची वाट मात्र बरीचशी सारखी आहे. चेहऱ्याच्या आणि मेंदूच्या आवरणाच्या वेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस, तिथून सुटणारं सीजीआरपी हे द्रव्य, मग ठणका, मळमळ, उजेड नकोसा होणं. म्हणूनच डोकेदुखीवरची औषधं दोन्ही प्रकारांत बहुतेक तीच असतात.

आणखी एक गोष्ट, जी प्रकारांइतकीच महत्त्वाची आहे: मोजमाप कधी केलं. पडद्यावर चौकटी पुन्हा पुन्हा उलटसुलट करून दाखवल्या तर साधारणपणे मेंदूचा प्रतिसाद हळूहळू मंदावतो. मायग्रेन असलेल्यांत दोन झटक्यांच्या मधल्या काळात तो अनेकदा मंदावत नाही, आणि झटका आला की नेहमीसारखा होतो. म्हणजे एकाच माणसाच्या दोन दिवसांच्या नोंदीही जुळणार नाहीत. महिन्यात 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखणाऱ्या क्रॉनिक मायग्रेनमध्ये तर मधल्या काळातल्या नोंदीही झटक्यातल्यासारख्या येतात.

तुमच्यासाठी या सगळ्यातलं कामाचं असं: ऑरा येतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, किती मिनिटं टिकतो तेही लिहून ठेवा. साधारणपणे तो 5 ते 60 मिनिटांचा असतो. ऑरा असणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका थोडा वाढलेला असतो, त्यामुळे इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या असतील तर त्याआधी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी. आणि कधी अचानक हात-पाय लुळा पडला, जीभ जड झाली किंवा ऑरा तासाभरात ओसरला नाही, तर मायग्रेनच असेल असं गृहीत न धरता लगेच इस्पितळ गाठा.