ओपनम्युझिकमध्ये कंस मोजायला शिका

ओपनम्युझिक म्हणजे बॉक्स जोडून संगीत रचायचं सॉफ्टवेअर. त्यात सुरुवातीच्या निम्म्या चुका स्वरांच्या नसतात, कंसांच्या असतात. कॉर्ड-सेक (स्वर आणि कॉर्डचा क्रम ठेवणारा) बॉक्सला (6000 6400 6700) ही मिडिसेंटमधली (स्वराची उंची मोजायचं एकक) यादी दिलीत तर सा, ग, प एकामागून एक वाजतील. ((6000 6400 6700)) दिलंत तर तेच एकत्र, एका कॉर्डमध्ये. फरक फक्त एका कंसजोडीचा.

बाहेरचा कंस म्हणजे क्रम, आतला म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वर. म्हणून यादी दिसली की लगेच 'फ्लॅट' (आतले कंस काढून यादी सपाट करणारा बॉक्स) लावू नका. पातळी न सांगता लावलंत तर तो सगळेच कंस काढतो आणि कॉर्ड विस्कटतात. एकच थर काढायचा असेल तर जादा इनपुट उघडून तिथे 1 द्या.

सगळं एक पूर्ण स्वर वर न्यायचंय? 'ओएम+' या बेरजेच्या बॉक्सला 200 द्या, कारण अर्धस्वर म्हणजे 100 मिडिसेंट. तो आतल्या याद्यांपर्यंत आपोआप पोचतो. त्यासाठी यादी सपाट करून पुन्हा बांधणं म्हणजे उगाच हमाली.

तालाच्या झाडात (कालावधी आणि त्याचे भाग दाखवणारी कंसांची यादी) मात्र कंसाचा अर्थ बदलतो. (1 (1 1 1)) मध्ये पहिला 1 कालावधी, पुढची यादी त्याचे भाग: म्हणजे ट्रिपलेट, तीन समान भाग. इथे 'फ्लॅट' तर मुळीच नको!

शंका आली की बॉक्स निवडून 'व्ही' दाबा, लिसनरमध्ये (उत्तर छापणाऱ्या खिडकीत) कंस मोजा.